गाण्याचा अर्थ कुणाच्या बापाचा?

(अभ्यासवर्गात केलेलं भाषण. बोललो तसंच बरंचसं ठेवलंय. शिव्या तेवढ्या कमी केल्यात.)

दोस्तांनो,

मागच्या रविवारी इथं भांडण झालं. तुम्ही बहुतेक जण होता. एका पोरानं एका इंग्रजी गाण्याचा अर्थ सांगितला. त्याच्या परीनं सांगितला. आणि आपल्यातलाच एक, एम.ए. झालेला, त्याला म्हणाला, "तुला त्यातलं काय कळतं? गप बस." पोरगं गप बसलं. मीही गप बसलो, याची मला लाज वाटली. आठ दिवस ते वाक्य डोक्यात घण घालतंय. कारण ते वाक्य जुनं आहे. ज्यांनी वेद ऐकला त्यांच्या कानात शिसं ओता असं धर्मसूत्रात लिहून ठेवणाऱ्यांचं ते वाक्य आहे. ऐकायचं नाही, आणि चुकून ऐकलंच तर अर्थ लावायचा नाही. अर्थ आम्ही लावू. तुम्ही टाळ वाजवा.

आणि आता आपलीच पोरं आपल्याच पोरांना ते सुनावणार?

म्हणून आज गाण्यांवर बोलतो. सरळ गाण्यांवर नाही. सरळ गाणी आपल्याकडं ढिगानं आहेत, वामनदादांचं गाणं ऐकल्यावर त्यात काय दडलंय म्हणून कुणी डोकं खाजवत नाही. मी बोलणार न कळणाऱ्या गाण्यांवर. ज्यांचा अर्थ लावण्यात गोऱ्या पोरांनी जवानी घालवली त्या गाण्यांवर. कुणी म्हणेल, म्हाताऱ्याला विलायती खूळ लागलं. लागू दे. 1972 साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती कॅलिफोर्नियातल्या ऑकलंडच्या ब्लॅक पँथरचं नाव घेऊन. तेव्हा ऑकलंडमध्ये कोणती रेकॉर्ड वाजत होती हे विचारायचा आपल्याला हक्क आहे.

आधी मजेचं सांगून टाकतो.

1969 च्या ऑक्टोबरात अमेरिकेत बोंब उठली की बीटल्समधला पॉल मॅकार्टनी मेलाय. आजकाल नव्हे, तीन वर्षांपूर्वीच मोटार अपघातात मेला आणि त्याच्या जागी कुणी तोतया उभा केलाय. पुरावा? 'ॲबी रोड'च्या कव्हरवर चौघं रस्ता ओलांडतायत, त्यात पॉल अनवाणी आहे. म्हंजे मढं. रेकॉर्ड उलटी फिरवली की म्हणे गुप्त वाक्य ऐकू येतं. पोरांनी रेकॉर्डी उलट्या फिरवून सुया झिजवल्या. इकडं पॉल स्कॉटलंडात आपल्या शेतावर बायकोपोरींसोबत बसलेला. 'लाइफ' मासिकाचे लोक तिथवर गेले, नोव्हेंबरच्या अंकात फोटो छापला. तरी काही जणांचं समाधान झालं नाही. मेलेला माणूस फोटोत कसा, तर तोच तोतया!

त्यांच्यातल्याच जॉन लेननची गंमत याच्याही आधीची. त्याच्या जुन्या शाळेतल्या एका पोरानं त्याला पत्र लिहिलं, की आमचे मास्तर वर्गात तुमच्या गाण्यांचा अर्थ लावायला देतात. ज्या शाळेनं ह्याला वाया गेलेला ठरवलं होतं, तीच ही शाळा. लेनन खदाखदा हसला आणि 1967 साली त्यानं 'आय ॲम द वॉलरस' हे गाणं मुद्दाम असं केलं की मास्तरच्या बापाला अर्थ लागू नये. अर्थ लावणाऱ्यांनी त्याचाही लावला. मग पुढच्या वर्षी त्यानं 'ग्लास अनियन' गाण्यात त्यांची सरळ टर उडवली. आणि 'पॉल मेला'वाल्यांनी ती टरसुद्धा पुरावा म्हणून वहीत टिपून घेतली. आता बोला.

आणखी एक नग. ए. जे. वेबरमन. न्यूयॉर्कचा. बॉब डिलनच्या गाण्यांचा त्यानं शब्दकोशच करायला घेतला होता, डिलन अमुक शब्द वापरतो तेव्हा त्याचा खरा अर्थ तमुक. गाण्यांत भागेना तेव्हा 1970 च्या सुमारास तो डिलनच्या घराबाहेरचा कचऱ्याचा डबा उपसू लागला. चिठ्ठ्याचपाट्या, पोरांचे लंगोट, काय मिळेल ते. त्यातून गाण्यांचा अर्थ काढायचा. आणि ह्या उद्योगाला नाव पडलं 'गार्बॉलॉजी', म्हंजे कचराशास्त्र. मी हे वाचलं तेव्हा हसावं का रडावं कळेना. आपल्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या गावाचा, शहराचा कचरा उपसला, मुंबईत आजही उपसतायत, गटारात उतरून मरतायत. त्याला कधी कुणी शास्त्र म्हटलं नाही. गोऱ्यानं हौसेनं उपसला की शास्त्र!

हे झालं रिकामटेकड्यांचं. पण डिलनवर जरा थांबू या.

डिलन आधी सरळ गायचा. 1963 साली बाल्टिमोरच्या हॉटेलात एका श्रीमंत गोऱ्या जमीनदारानं हॅटी कॅरोल नावाच्या काळ्या नोकराणीला छडी मारली, ती मेली, त्याला सहा महिन्यांची शिक्षा झाली. ह्यावर डिलननं गाणं केलं. कुणी अर्थ विचारला नाही. त्याच वर्षी ऑगस्टात वॉशिंग्टनच्या मोर्चात, जिथं मार्टिन ल्यूथर किंगचं ते भाषण झालं, तिथं डिलन मेडगर एव्हर्सच्या खुनावरचं गाणं गायला. तेही सरळ. मग 1965 ला तो वळला. हातात इलेक्ट्रिक गिटार आली आणि गाण्यांत जोकर, बुटके, जत्रेतली माणसं, काय काय यायला लागलं. लोक चक्रावले. त्या डिसेंबरात सॅन फ्रान्सिस्कोत त्याची पत्रकार परिषद झाली. पहिलाच प्रश्न काय? अल्बमच्या कव्हरवर तुमच्या टी-शर्टवर मोटरसायकल आहे, ह्या फोटोचा अर्थ काय. डिलननं हात झटकले. फोटो आहे, आपण काही फार विचार केला नाही म्हणाला.

तो अल्बम 'हायवे 61 रीव्हिजिटेड'. त्यात एक गाणं आहे, 'बॅलड ऑफ अ थिन मॅन'. एक शिकलासवरलेला सभ्य माणूस आहे, मिस्टर जोन्स. तो कुठल्याशा ठिकाणी शिरतो आणि तिथं काय चाललंय ते त्याला कळत नाही. बास, एवढंच. हा जोन्स कोण म्हणून पन्नास वर्षं डोकेफोड चालली. कुणी म्हणालं तो रोलिंग स्टोन्सचा ब्रायन जोन्स. एका जोन्स नावाच्या माजी पत्रकारानं तर छापून सांगितलं की तो मीच. म्हंजे ज्या गाण्यात येडा ठरवलाय, तिथं 'मी मी' म्हणत पुढं यायचं! प्रसिद्धीची भूक काय काय करवते.

आता ऑकलंड. 1967 चा वसंत. रिचमंडमध्ये डेन्झिल डॉवेल ह्या बावीस वर्षांच्या काळ्या तरुणाला पोलिसांनी गोळ्या घातल्या होत्या, एक एप्रिलला. पँथरांनी त्यावर आपलं वर्तमानपत्र काढलं. पहिला अंक पंचवीस एप्रिलचा, चार पानांचा, मशीनवर काढलेला. सुरुवातीच्या ह्या अंकांची पानं लावायला पोरं रात्र रात्र जागायची आणि जागताना ही डिलनची रेकॉर्ड लागलेली असायची. सारखी. बॉबी सीलनं हे 1970 च्या आपल्या 'सीझ द टाइम' पुस्तकात लिहून ठेवलंय. तो लिहितो की मी नुसता सूर ऐकत होतो, शब्दांकडं माझं लक्ष नव्हतं. एक दिवस ह्यूई न्यूटननं त्याला बसवलं आणि अर्थ सांगितला.

त्या गाण्यात एक 'गीक' येतो. हल्ली हा शब्द कॉम्प्युटरवाल्या पोरांना लावतात. पण जुन्या अमेरिकन जत्रेत गीक म्हंजे पिंजऱ्यातला माणूस. जिवंत कोंबडीचं मुंडकं दातानं तोडून खाणारा. ह्यूई म्हणाला, हा गीक पूर्वी सर्कशीत झुल्यावर कसरती करत असेल. पडला, मोडला. सर्कशीशिवाय त्याला दुसरं काही येत नाही. मालकानं दया दाखवली आणि सर्वांत घाण काम दिलं. लोक पाव डॉलर देऊन बघायला येतात. त्याला काय पिसं खायची हौस आहे? पोटासाठी खातो. पण हे जे पैसे टाकून, बायकामुलांना घेऊन, मजा म्हणून बघायला येतात, ते कोण? विचित्र प्राणी खरे तेच. गीकला हे ठाऊक आहे. म्हणून तो एक हाडूक उचलतो आणि बघणाऱ्याच्या हातात देतो.

मग ह्यूईनं पुढचं सांगितलं. पिंजऱ्यात आपण आहोत. रविवारी गोरी कुटुंबं मोटारीतून काळ्यांच्या वस्तीत चक्कर टाकायला येतात. पडकी घरं बघतात, नाक्यावरच्या बाया बघतात, काचा वर करतात, निघून जातात. तो मिस्टर जोन्स.

डिलनला हे अभिप्रेत होतं का? त्यानं कधी सांगितलं नाही. ह्यूईनं त्याला विचारून अर्थ लावला नाही. कचरा उपसून तर नाहीच नाही.

हे पुस्तक मला 1974 साली फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर मिळालं. माझं इंग्रजी तेव्हा लंगडं. डिक्शनरी घेऊन एकेक पान. ह्या पानावर आलो आणि मला दरदरून घाम फुटला. आता जे सांगतो ते कधी बोललो नव्हतो. बायकोला माहीत आहे, बास.

माझा आजा पोतराज होता. मरीआईचा. केस वाढवलेले, कमरेला खणांच्या चिंध्यांचा घागरा, पायात घुंगरं, हातात आसूड. आजी डोक्यावर देवीचा देव्हारा घेऊन पुढं. तो आसूड अंगावर ओढायचा, चटाक्‌कन आवाज यायचा, वळ उठायचे. बघणारे चुकचुकायचे आणि पैसा टाकायचे. लहानपणी मी विचारलं होतं, आबा, दुखत नाही का? तो म्हणाला होता, "आवाज मोठा काढायचा आन्‌ मार हळू बसवायचा, ही इद्या हाय." पण नेहमीच हळू बसायचा नाही. त्याची पाठ मी पाहिलेली आहे.

1971 ला मी मुंबईत कॉलेजला. होस्टेलवर राहायचो. इस्त्रीची एकच पँट होती, ती घालून एका संध्याकाळी वर्गातल्या पोरापोरींबरोबर परळच्या नाक्यावर चहाला उभा. आणि समोरून घुंगरांचा आवाज. दुष्काळाचे दिवस होते, गावाकडं काही उरलं नव्हतं, म्हातारा मुंबईला आला होता. मला कळवलं नव्हतं. भोवती गोल जमला. आमच्यातली एक पोरगी म्हणाली, "किती प्रिमिटिव्ह ना!" आणि मी, दोस्तांनो, मी मान हलवली.

तो थाळी घेऊन गोलातून फिरत आला. माझ्यासमोर थांबला. मला ओळखलं. माझ्या बाजूची पोरं बघितली, माझी पँट बघितली. आणि हात पुढं करून म्हणाला, "द्या सायेब."

मी खिशातून पावली काढली आणि थाळीत टाकली. तो पुढं गेला.

पावली म्हंजे चार आणे. रुपयाचा चौथा हिस्सा. ह्यूई न्यूटननं त्या पिंजऱ्याचं तिकीट किती सांगितलंय? डॉलरचा चौथा हिस्सा.

तेव्हा मला कुणी सांगू नका की तुला गाण्यातलं काय कळतं. पुढं मी हे गाणं मिळवून ऐकलं. तोवर मी स्वतःला गीकच्या जागी धरून चाललो होतो, साहजिकच, आपण गावकुसाबाहेरचे. पण गाणं वाजायला लागलं आणि कळलं की त्या नाक्यावर मी काचेच्या अलीकडं होतो. जन्म पिंजऱ्यातला, पण त्या संध्याकाळी जोन्स मी होतो. हाडूक माझ्या हातात दिलं गेलं होतं, "सायेब" म्हणून. एका प्राध्यापकाला मी हा अर्थ सांगितला, आजाचं वगळून. ते म्हणाले, छे, हे आधुनिक माणसाच्या एकाकीपणावरचं गाणं आहे, तुम्ही लोक सगळीकडं जात आणता. मी काही बोललो नाही. 2016 ला डिलनला नोबेल मिळालं तेव्हा त्या प्राध्यापकांची आठवण आली. त्यांनी लेख लिहिला असता. त्यात पोतराज आला नसता.

आता तुम्ही म्हणाल, मग काय, ज्याला जे वाटेल तो अर्थ खरा? थांबा. ह्याची दुसरी बाजू फार भयंकर आहे, आणि तिचाही संबंध पँथरांशी आहे.

नोव्हेंबर 1968 मध्ये बीटल्सचा पांढऱ्या कव्हरचा जोडअल्बम आला. त्यातली बरीच गाणी त्याच वर्षी आपल्याकडं ऋषिकेशला, महर्षींच्या आश्रमात बसून लिहिलेली. लॉस एंजेलिसजवळ चार्ल्स मॅन्सन नावाचा एक गोरा, अर्धं आयुष्य तुरुंगात काढलेला, पोरापोरींची टोळी जमवून राहत होता. त्यानं तो अल्बम पुन्हापुन्हा ऐकला आणि ठरवलं की बीटल्स गाण्यांतून माझ्याशी बोलतायत. 'हेल्टर स्केल्टर' हे एक गाणं. इंग्लंडात हेल्टर स्केल्टर म्हंजे जत्रेतली गोल गोल फिरून खाली येणारी घसरगुंडी. पोरांचा खेळ! मॅन्सननं अर्थ लावला वंशयुद्ध. 'ब्लॅकबर्ड' म्हंजे काळ्यांना उठावाचा इशारा. आणि 'रेव्होल्यूशन 9' म्हंजे बायबलातल्या रेव्हलेशनचा नववा अध्याय.

पुढचा अर्थ सरकारी वकील व्हिन्सेंट बुग्लिओसीनं कोर्टात मांडला आणि टोळीतल्याच माणसांनी साक्षीत सांगितला. काळे उठतील, गोऱ्यांना मारतील, जिंकतील. तोवर आपली टोळी वाळवंटात जमिनीखालच्या एका विवरात लपून राहील. मग काळ्यांना राज्य चालवता येणार नाही, आणि ते आपण होऊन मॅन्सनच्या हातात देतील. हे शेवटचं नीट ऐका. ह्यांना राज्य जमणार नाही, शेवटी आमच्याकडंच येतील. हे वाक्य तुम्ही कॅलिफोर्नियात ऐकलं नसेल. इथं ऑफिसात ऐकलं असेल, प्रमोशनची यादी लागली की.

युद्ध होईना, तेव्हा मॅन्सननं ते पेटवायचं ठरवलं. ऑगस्ट 1969 मध्ये दोन रात्रींत सात माणसं मारली. शॅरन टेट ही नटी आठ महिन्यांची गरोदर होती. दुसऱ्या रात्रीच्या घरात फ्रिजवर रक्तानं त्या घसरगुंडीचं नाव लिहिलं. तेही चुकीच्या स्पेलिंगनं. त्याआधी जुलैत गॅरी हिनमन नावाच्या माणसाला मारलं, तेव्हा भिंतीवर रक्तानं एक पंजा काढला होता. पँथरचा पंजा. आळ ब्लॅक पँथरांवर जावा म्हणून.

दोनेक वर्षांच्या आत, त्याच कॅलिफोर्निया राज्यात, दोन माणसं रेकॉर्ड ऐकत बसली. एकानं त्यातून पँथरचं वर्तमानपत्र काढण्याची रात्र जागवली. दुसऱ्याच्या पोरांनी पँथरच्या पंजाचा ठसा मेलेल्या माणसाच्या रक्तात काढला. दोघांनीही गाणाऱ्याला विचारलं नव्हतं. दोघांनाही वाटलं, हे माझ्याबद्दल आहे.

मी ह्यावर पुष्कळ विचार केलाय. गीक गाण्यात आहे, बघे गाण्यात आहेत, त्यांना काही कळत नाही हेही गाण्यात आहे. ह्यूईनं फक्त ऑकलंडचा रस्ता त्याच्या शेजारी आणून ठेवला. मॅन्सनला विवर बाहेरून आणावं लागलं, बायबल आणावं लागलं, आणि सगळ्यात शेवटी सिंहासन आणावं लागलं, स्वतःला बसायला. गाण्यात ते नव्हतं. जो अर्थ लावून झाल्यावर लावणारा राजा होतो, त्या अर्थाचा मला वास येतो. आपल्याकडं पुराणांचा अर्थ कोण लावत आला आणि लावून झाल्यावर दर वेळी कोण वर बसलेला सापडला, ते तुम्हाला सांगायला नको.

ह्यूईला मी देव करत नाही. त्याचे पुढचे दिवस वाईट गेले. दारू, ड्रग्ज, आणि 1989 ला ऑकलंडच्याच रस्त्यावर एका ड्रग विकणाऱ्यानं त्याला गोळ्या घातल्या. मॅन्सन मात्र तुरुंगात म्हातारा होऊन 2017 साली मेला. आयुष्याला न्याय वगैरे काही नसतो.

'ब्लॅकबर्ड'बद्दल एक राहिलं. मॅकार्टनीनं पुढं सांगितलं की ते गाणं अमेरिकेतल्या काळ्यांच्या नागरी हक्कांच्या झगड्यावरून सुचलं होतं. 1957 साली अर्कान्सामधल्या लिटल रॉकच्या गोऱ्यांच्या शाळेत नऊ काळी पोरं शिरली, बाहेर थुंकणारी गर्दी, आत न्यायला लष्कर. 2016 ला मॅकार्टनी लिटल रॉकला गेला तेव्हा त्या नवांतल्या दोघी, आता म्हाताऱ्या, त्याला भेटल्या. शाळेच्या पायरीवर अडवलेल्या पोरीचं गाणं, आणि मॅन्सनला त्यात सुरी दिसली.

बरं. मागच्या रविवारी ज्या पोराला गप बसवलं, तो आज आलाय. मागं खांबाला टेकून उभा आहे, मला दिसतोय. बाळा, पुढं ये. तुझा अर्थ मला पटलेला नाही, हे आधीच सांगतो. तू गाण्यात नसलेली एक बाई आत आणलीस असं मला वाटतं. पण ती कुठून आणलीस ते मला ऐकायचंय. आणि एम.ए.वाले साहेब, तुम्हीही थांबा, चहा येतोय. स्पीकर कुणाच्या तरी घरून मागून आणलाय, नऊ वाजता परत द्यायचाय. तेव्हा आधी गाणं लावा. दोनदा लावा. मग भांडू.

जयभीम.